कोणासाठी ते विचारायचं नाही

त्या वर्षी भाद्रपदातच मुळं संपली. आधी कधी असं झालं नव्हतं.

आमच्याकडे मुळं दसऱ्यानंतर उकरतात. जमीन ओलसर असते, पण चिखल नसतो. वेलीचा पाला पिवळा पडला की जोर खाली उतरलेला असतो. दसरा ते होळी आठ खड्डे. तेवढ्यात वर्षभराची पुडी भागते. माझी आई आठ खड्डे करायची. तिच्यामागे सुलोचनाबाईंनीही आठच केले.

सुलोचनाबाई म्हणजे माझी थोरली वहिनी. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. दरेकसा स्टेशनपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी आमची दोन घरं लागून आहेत. चार वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावरून घसरून वहिनींचं उजवं मनगट मोडलं. ते बसलं, पण वाकडं बसलं. तेव्हापासून खड्डे मी करतो. रेल्वेच्या गँगमध्ये तेहतीस वर्षं गिट्टी ठोकली, सब्बल, म्हणजे पहार, हाताला नवी नव्हती.

पुडी बायकांच्या पोटदुखीची. पाळीच्या दिवसांत ज्यांना कळा सोसवत नाहीत त्या घेतात. एक मूळ, एक साल आणि सुंठ. मुळाचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांनी उकरायला जाऊ नये.

काम सोपं नाही. एका खड्ड्याला दीड तास लागतो. मूळ हातभर खाली आडवं पसरतं. वरून ओढलं तर तुटतं आणि वेल मरते. बाजूने माती मोकळी करायची, मुळाचा एक फाटा कापायचा, बाकी तसंच ठेवून खड्डा बुजवायचा आणि पायाने दाबायचा. तीन वर्षं त्या वेलीला हात लावायचा नाही. घरी आणून बांबूच्या चिपेने सोलायचं, सावलीत नऊ दिवस वाळवायचं, रोज दोनदा उलटायचं. मग कुटून वस्त्रगाळ करायचं. वहिनींनी यातलं एकही काम कधी आखडलं नाही. आठव्या दिवशी वाळलेलं दिसलं तरी नववा दिवस जाऊ देत. मनगट मोडल्यावर डाव्या हाताने कुटायला शिकल्या. पहिले दोन महिने अंगठ्याची साल निघत होती. त्याबद्दल कोणाशी बोलल्या नाहीत.

देण्याचे नियम माझ्या आईचे. एका खेपेला तीन पुड्या, दिवसाला एक, गरम पाण्यात. एका माणसाच्या हातात महिन्यातून एकदाच, कारण जास्त खाल्लं तर डोळे पिवळे पडतात. आणि कोणासाठी ते विचारायचं नाही. येणाऱ्याने घरापुढच्या छपरीत उभं राहून "तीन" म्हणायचं. बाई असो की बुवा. नाव निघालं की मुळाचा गुण जातो, आणि ज्याने विचारलं त्याचा हातही जातो. त्या हाताचं औषध पुढे कोणाला लागत नाही.

आईच्या काळात या नियमाने पुष्कळ पोरींची अब्रू झाकली गेली असेल. लग्नाच्या पोरीचं पोट दुखतं म्हटलं की लोक भलतंच बोलत. म्हणून बाप येऊन "तीन" म्हणायचा आणि खाली मान घालून जायचा.

तर भाद्रपदात वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, सब्बल काढा."

"पावसात?"

"डबा रिकामा झाला."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आठ खड्डे मीच केले होते, मोजून. होळीला डबा काठोकाठ भरला होता.

डोंगराच्या उतारावर चिखल होता. सब्बल मारली की खड्ड्यात पाणी. माती घमेल्यात न येता ओघळून जात होती. दीड तासाच्या जागी तीन तास गेले. वहिनी छत्री धरून वर उभ्या होत्या. छत्री माझ्यावर नव्हती, खड्ड्यावर होती.

"वहिनी," मी म्हणालो, "या वर्षी गावात नवीन सुना किती आल्या?"

"दोन. काऊन?"

"आणि पोरी?"

"पोरी काय, आहेत तितक्याच आहेत. तुमी खोदा ना गा."

"एवढी पुडी जाऊन कुठं राहिली मग?"

"पोटात. अजून कुठं जाते पुडी?"

"किती पोटांत?"

मी फाटा कापला, वर दिला, खड्डा बुजवायला घेतला. ओली माती दबत नव्हती. पाय उचलला की खळगा पडायचा.

"मले वाटते," मी म्हणालो, "कोणीतरी एकच बाई हे सगळं खाऊन राहिली."

"एका हाती मी दोनदा देत नाही."

"हात निराळे असतील."

वहिनींनी छत्री मिटली. पाऊस चालूच होता. नियमात हातांची मोजणी होती, पोटांची नव्हती. आईपासून आजपर्यंत ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आजपर्यंत असं कोणी केलं नव्हतं.

उतरून आलो तर छपरीत टीना उभी. गावातलीच पोरगी, बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करत होती. पायात धावायचे बूट, त्यांना चिखल.

"आजी, तीन."

"डब्यात नाही, बाई. नऊ दिवसांनी ये."

"नऊ दिवस?" टीनाचा चेहरा उतरला. "थोडीशी बी नाही? बुडाशी असंल त खरवडून द्या ना."

"तुले कळ येऊन राहिली का?" हे विचारायलाही वहिनी क्षणभर अडखळल्या. मनाई नाव विचारायला होती, पण असल्या प्रश्नाच्या जवळपासही त्या आजवर गेल्या नव्हत्या.

टीनाने मान हलवली. हो की नाही, समजलं नाही. ती उड्या मारत निघून गेली. कळ आलेली बाई अशी चालत नाही. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

नऊ दिवस वहिनी मूळ उलटत राहिल्या. पावसाळी हवेत ते नीट वाळत नव्हतं, म्हणून चुलीपासून चार हात लांब सूप टांगलं. दहाव्या दिवशी कुटायला बसल्या. मी तिथंच होतो. त्यांनी मूळ नेहमीच्या निम्मं घेतलं आणि सुंठ दुप्पट.

"हे काय करून राहिल्या?"

"हलकी करून राहिली. खरंच एक पोट असंल त त्याले पुरणार नाही. लवकर येतील परत."

नियम न मोडता शोधायची त्यांना एवढीच वाट दिसली. ती बरोबर होती का, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या वेळी मी अडवलं नाही.

पहिल्याच दिवशी टीना तीन घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणी आली, सेवकरामची बायको. तिने "तीन" म्हटलं आणि हात पुढे केला. हाताला पीठ लागलेलं होतं, घाईने आलेली. त्याच दिवशी दुपारी ओमेश मोटारसायकलवरून आला. फौजेतून परत आलेला, बोडीच्या तळ्यापलीकडच्या पडीक जागेत भरतीच्या पोरींना धावायला शिकवतो.

"आजी, मैदानातल्या एका पोरीले पायजे. तीन."

वहिनींनी दिल्या. तो गेल्यावर छपरीतच बसल्या. तीन दिवसांत तीन हात. गावात एरवी महिन्यात चार-पाच येतात, तेही पसरून.

"एकच पोट आहे," त्या म्हणाल्या.

"मग विचारा."

"विचारलं त माझा हात गेला, भाऊजी."

"आणि नाही विचारलं तर?"

"पुडी कळेले झोपवते. कळ झोपली म्हनजे आतलं दुखनं झोपलं असं नाही. एवढी खाऊन बी जिची कळ जात नाही, तिले पाळीचं दुखनं नाही." त्या वाकडं मनगट चोळत होत्या. "आत कायतरी दुसरंच आहे. आन मी त्याच्यावर झाकन ठेवून राहिली."

पण उठल्या नाहीत. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी धानाला पाणी पाहायला बांधीत गेल्या, परत आल्या, भाजी निवडली, निवडलेली पुन्हा निवडली. पन्नास वर्षांचं काम एका प्रश्नाने संपणार होतं. त्यांना बाहेर कोणी सुलोचनाबाई म्हणत नाही, पुडीवाली आजी म्हणतात. मी त्यांना घाई केली नाही. तो दीड दिवस माझ्याही खात्यात आहे.

त्यानंतरच्या सकाळी उजाडताच त्यांनी लुगडं बदललं आणि मला म्हणाल्या, "चला."

रुख्मिणी अंगणात शेणसडा घालत होती. आम्हाला पाहून तिने बादली खाली ठेवली.

"या ना आजी. चहा मांडतो."

"चहा नको. पुडी कोनासाठी नेली?"

रुख्मिणी बघतच राहिली. असं कोणी तिला विचारेल, आणि तेही वहिनी, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आजी, तुमी विचारून राहिल्या?"

"विचारून राहिली. कोनासाठी?"

"माझ्यासाठीच."

"तुझी पाळी दोन वर्षं झाली जाऊन. तेव्हापासून परवापर्यंत तू माझ्या छपरीत पाय ठेवला नव्हता. मले काय बह्याड समजते का?"

रुख्मिणीने पदर तोंडाला लावला. आत सेवकराम खाकरला. ती हळू आवाजात म्हणाली, "हळू बोला ना वो. तिच्या बापाले ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात पाहुणे येनार आहेत तिले पाहाले. पोट दुखते म्हनून कळलं त काय म्हनतील लोक?"

"कोन, तुझी पोरगी? दुर्गेश्वरी?"

रुख्मिणीने पदराआडून मान हलवली.

"किती खाते?"

"मी त परवा पयल्यांदाच आनली. तीनच पुड्या."

"टीना आनते. तो ओमेश आनते. तुले ठाऊक नाही?"

ते तिला ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिने भिंतीला हात टेकला.

"कुठं आहे पोरगी?"

"मैदानावर. पाच वाजताच गेली."

मैदान तिथून अर्ध्या मैलावर. वहिनी एवढ्या जलद चाललेल्या मी कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या. बोडीच्या बांधावरून उतरताना त्यांनी माझा हातही धरला नाही. रुख्मिणी मागून येत होती.

ओमेशने चुन्याने गोल आखला होता. चार फेऱ्या म्हणजे आठशे मीटर. सात-आठ पोरी धावत होत्या. दुर्गेश्वरी सगळ्यांच्या पुढे होती. एकोणीस वर्षांची, उंच, अंगाने हडकुळी. मी कष्टाची माणसं पाहिली आहेत. कोण अंग राखून काम करतो आणि कोण नाही, हे मला लांबून कळतं. ती पोरगी अंग राखत नव्हती. पण डावा हात नीट हलत नव्हता, पोटाशी धरलेला होता. आणि इतक्या धावण्यानंतर चेहरा लाल व्हायला हवा, तो राखेसारखा होता.

फेरी संपली तेव्हा वहिनींनी तिला अडवलं. न विचारता तिच्या पोटावर, डावीकडे खाली, हात ठेवला आणि दाबला. पोरीने आवाज केला नाही. फक्त खालचा ओठ दातांत धरला, तो पांढरा झाला.

"नारळाएवढं आहे," वहिनी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. मग त्यांनी तिची पापणी खाली ओढली. डोळा पिवळट होता.

"किती पुड्या घेते?"

"आधी एक घेत होती. आता सकाळी दोन, संध्याकाळी दोन. मैदानातल्या साऱ्या पोरी आनून देतात." दुर्गेश्वरीला धाप लागली होती. "पन आता त्यानं काही होत नाही, आजी. हलकी देऊन राहिल्या का तुमी?"

वहिनींनी तिचं मनगट धरलं.

"आज पळायचं नाही. दवाखान्यात चाल."

"बारा दिवस राहिले मैदानी चाचणीले. त्याच्यानंतर तुमी म्हनाल तिथं येतो."

"बारा दिवस नाहीत तुझ्यापाशी."

ओमेश जवळ आला. "आजी, एवढं घाबरवू नका ना तिले. पोरींचं पोट दुखतेच. ही माझी सगळ्यात चांगली पोरगी आहे. हिचं नक्की आहे यंदा."

"तू पुडी नेली तवा विचारलं का तिले, कितवी आहे म्हनून?"

"मी कायले विचारू? बायकांचं आहे ते."

"मी बी नाही विचारलं," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात दुर्गेश्वरी वळून पुन्हा रेषेवर गेली. सगळ्यांसमोर आईने हाताला धरून ओढत न्यावं, असं तिला होऊ द्यायचं नसेल. किंवा शेवटची एक फेरी वेळेत काढून दाखवायची असेल. रुख्मिणीने हाक मारली. ती धावायला लागली होती. पहिलं वळण तिने नीट घेतलं. दुसऱ्या वळणावर पाय वाकडा पडला, गुडघ्यावर आली, मग कुशीवर. तिने पोटाला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज निघाला. तो मोठा नव्हता. रुळावर गाडीखाली सापडलेलं कुत्रं मी एकदा ऐकलं होतं, तसा होता.

सेवकरामला बोलवावं लागलं. तो आला, त्याने बायकोकडे पाहिलं आणि काही विचारायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "मंग बोल. आधी गाडी आन." गावातल्या वीरेंद्रची मालवाहू गाडी होती, धानाची पोती वाहायची. तिच्यात गादी टाकली. रस्त्याने जिथं जिथं खड्डा आला तिथं वहिनींनी पोरीचं डोकं मांडीवर उचलून धरलं. पुडी त्यांच्या कमरेला होती, मी ती पाहिली. पोरीने दोनदा मागितली. त्यांनी दिली नाही.

गोंदियाला डॉक्टरीणबाईंनी तपासायला फार वेळ घेतला नाही. डाव्या अंडाशयावर गाठ होती, तिला पीळ पडला होता, आतला भाग काळा पडलेला. ताबडतोब कापावं लागेल म्हणाल्या. मग त्यांनी पिवळ्या डोळ्यांबद्दल विचारलं.

"कुछ खा रही थी क्या घर का? जड़ी-बूटी?"

रुख्मिणी आणि सेवकराम एकमेकांकडे पाहू लागले. वहिनी पुढे झाल्या. मुळाचं नाव सांगितलं, सालीचं सांगितलं, प्रमाण सांगितलं, किती दिवस ते सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मैंने दिया. मेरे हात का है." डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, मग लिहून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपने बताया, अच्छा किया. अब बेहोशी की दवा हम उस हिसाब से देंगे. लिवर पर असर है. कोई भरोसा नहीं दे सकती मैं."

चार तास लागले. सेवकराम पूर्ण वेळ उभा होता. त्याला बसायला सांगितलं तर म्हणायचा, बसतो, आणि बसायचा नाही.

पोरगी वाचली. डावं अंडाशय काढावं लागलं. उजवीकडेही एक लहान गाठ दिसली, बोराएवढी. ती आत्ता काढायची नाही, दर तीन महिन्यांनी येऊन पाहायची, असं ठरलं. सेवकरामने मान हलवली. तो दर तीन महिन्यांनी आणेल की नाही, मला सांगता येत नाही. पाहुण्यांना त्याने पुढच्या वर्षी या असा निरोप पाठवला. कारण सांगितलं नाही.

मी मध्ये एक दिवस गावी येऊन गेलो, वहिनींची गाय माझ्याकडे होती. बातमी माझ्या आधी पोचली होती. पुडीवाली आजी आता विचारते. छपरीत कोणी आलं नाही. शेजारच्या टोलीतली, पलीकडच्या वस्तीतली, एक बाई फाटकापर्यंत आली, मला पाहिलं, वहिनी आहेत का विचारलं. मी म्हणालो, आहेत गोंदियाला, दोन दिवसांनी येतील, काय काम आहे? तिने "काही नाही" म्हटलं आणि पोटावरचा पदर सारखा करत परत गेली. मी तिच्यामागे दहा पावलं गेलो. तिने मागे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेलो. दुर्गेश्वरी उशाला टेकून बसली होती. डोळ्यांचा पिवळेपणा थोडा कमी झालेला. रुख्मिणी नळावर डबा धुवायला गेली होती. वहिनी खाटेजवळ स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. डाव्या हाताने, सावकाश, शिरा काढून.

"आजी," पोरगी म्हणाली, "पुडी बंद केली का तुमी?"

"बंद."

"पुरीच?"

"पुरी. माझ्या हाताची आता कोनाले लागनार नाही."

"पुढच्या साली भरती निघनारच आहे."

"निघू दे. तब्येत झाली त पळ."

"तवा कळ आली त?"

"त सांग. मले सांग, मायले सांग. गाडीत बसून इथं येऊ."

दुर्गेश्वरीने संत्र्याची फोड घेतली. खाल्ली नाही, हातात धरून ठेवली. "दर टायमाले गाडी कोन करते, आजी? बाबा करतील का?" मग खिडकीकडे पाहत म्हणाली, "टीना म्हनते, बाजारात एक मानूस बसते. गोळी बी देते, चूर्ण बी देते. तो काही विचारत नाही."

वहिनींचा हात थांबला.

"कोनत्या बाजारात?"

पोरगी फोड बोटांत फिरवत राहिली.

"कोनत्या दिवशी बसते तो, दुर्गा? दिसते कसा?"

तिने फोड ताटलीत परत ठेवली, चादर ओढली आणि टाके सांभाळत भिंतीकडे कूस बदलली. वहिनींनी आणखी दोनदा विचारलं. रुख्मिणी डबा घेऊन आली आणि म्हणाली, झोपली वाटते. पोरीचे डोळे उघडे होते. मी बसलो होतो तिथून मला दिसत होते.